दोन घरांची तालीम

डॉक्टरांची मदत हाती येईपर्यंतच्या मधल्या मिनिटांत, आजाऱ्याजवळ त्या वेळी जो कोणी असेल त्याने, यंत्रांवाचून किंवा घरातल्या साध्या वस्तूंच्या आधाराने केलेली तातडीची कृती म्हणजे प्रथमोपचार. मोठ्या माणसाच्या बाबतीत ‘जो कोणी असेल त्याने’ ही गोष्ट बरीचशी योगायोगावर सोडता येते, कारण मोठा माणूस हाक मारतो, खुणा करतो, काय होते आहे ते सांगतो. पहिल्या २८ दिवसांच्या आतले बाळ, म्हणजे वैद्यकाच्या भाषेत ‘नवजात’, आणि त्यापुढे वर्ष पुरे होईपर्यंतचे बाळ, म्हणजे ‘अर्भक’, यांपैकी काहीच करू शकत नाही. घशात काही पुरते अडकले तर त्याला खोकताही येत नाही, ते नुसते निळे पडते. म्हणून बाळाच्या बाबतीत जवळ कोण असणार हे आधीच ठरवून त्या माणसांचे हात आधीच तयार करावे लागतात. बाळ येण्यापूर्वी आईवडिलांनी प्रथमोपचार शिकून घ्यावेत, असा सल्ला पाश्चात्त्य देशांतील प्रसूतिपूर्व वर्गांतून दिला जातो, आणि पुण्या-मुंबईच्या रुग्णालयांतही आता अशा वर्गांना जोडपी बसू लागली आहेत. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत हा सल्ला जसाच्या तसा उचलला, तर तो बहुधा चुकीच्या माणसांपर्यंत पोहोचतो.

त्याचे कारण या भागातल्या बाळंतपणाच्या रीतीत आणि पोटापाण्याच्या वाटांत आहे. १९४९ साली साताऱ्यातून वेगळा काढलेला ‘दक्षिण सातारा’ जिल्हा १९६० मध्ये ‘सांगली’ झाला, तरी कृष्णाकाठच्या या दोन्ही जिल्ह्यांतली सोयरीक, बोली आणि रीतभात एकमेकांत गुंतलेली राहिली. पहिले बाळंतपण माहेरी, ही त्या रीतींतली सर्वांत टिकाऊ रीत होय. सातव्या महिन्यात सासरी ओटी भरली जाते, डोहाळजेवण होते, आणि त्यानंतर लेक माहेरी जाते ती बाळ सव्वा महिन्याचे, पुष्कळदा तीन किंवा पाच महिन्यांचे होईपर्यंत तिथेच राहते. त्या काळात बाळाचा बाप कुठे असतो, हे पाहिले म्हणजे चित्र पुरे होते. पाटण, जावळी, कोरेगावकडचे कित्येक कर्ते पुरुष माथाडी म्हणून किंवा अन्य नोकरीत मुंबई-नवी मुंबईला असतात, आपशिंग्यासारख्या गावांतले सैन्यात असतात, आणि विटा, खानापूर, आटपाडीकडच्या गलाई व्यवसायातल्या घरांचे, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करणाऱ्यांचे, संसार तर तमिळनाडूपासून उत्तर हिंदुस्थानापर्यंत पसरलेले असतात. अशा घरात बाळाच्या जन्मानंतरचे पहिले काही महिने बाळ आईच्या कुशीत, आजीच्या मांडीवर, न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या पायांवर आणि मामा-मावशीच्या कडेवर जाते. बापाने दूरच्या शहरात बसून दृक्‌श्राव्य धडे कितीही मन लावून पाहिले, तरी बाळ गुदमरेल तेव्हा त्याचे हात तिथे नसतात. प्रथमोपचाराच्या हिशेबात कुटुंब म्हणजे शिधापत्रिकेवरची नावे नव्हेत. कोणत्या तासाला बाळ कोणाकडे असते, त्यावरून ते कुटुंब ठरते, आणि या भागात ते दोन गावांत, दोन घरांत विभागलेले असते.

शिकायचे नेमके काय, याचे उत्तर बाळाच्या शरीररचनेतून निघते. मोठ्या माणसाचे हृदय बंद पडते ते बहुतेकदा हृदयाच्याच दुखण्याने. रक्तात त्या क्षणी प्राणवायू शिल्लक असतो, म्हणून पहिली काही मिनिटे केवळ छाती दाबत राहिल्यानेही त्याचा जीव तगू शकतो. भारतीय भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने सर्वसामान्यांसाठी तयार झालेली, तोंडाने श्वास न देता फक्त छाती दाबण्याची पद्धत याच तत्त्वावर उभी आहे, आणि शाळा-महाविद्यालयांत, पोलीस मुख्यालयांत हल्ली जी प्रात्यक्षिके होतात ती बहुधा त्या पद्धतीची असतात. बाळाचे गणित उलटे असते. त्याचे हृदय सहसा निरोगी असते. आधी श्वास अडतो, प्राणवायू संपतो आणि मग हृदय मंदावत थांबते. म्हणून बाळाला केवळ छाती दाबून भागत नाही, त्याला श्वास द्यावा लागतो. मोठ्यांसाठीचे शिबिर केलेला माणूस ‘मला सीपीआर येतो’ असे म्हणत असेल तर ते खरे असते, पण बाळापुरते अपुरे असते. सीपीआर म्हणजे छातीवरचे दाब आणि तोंडाने दिलेले श्वास यांच्या साहाय्याने हृदय व फुप्फुसांचे काम तात्पुरते चालवणे.

अर्भकाच्या सीपीआरमध्ये आधी तळपायाला टिचक्या मारून, हाक मारून प्रतिसाद पाहायचा असतो आणि दहा सेकंदांहून अधिक वेळ न दवडता श्वास चालू आहे का ते पाहायचे असते. श्वास नसेल तर बाळाला कठीण, सपाट जागेवर उताणे ठेवून, डोके मागे फार न वाकवता सरळ ठेवायचे; बाळाचे डोके धडाच्या मानाने मोठे आणि श्वासनलिका मऊ व अरुंद असल्याने मान फार मागे गेली तरी वाट बंद होते आणि हनुवटी छातीला टेकली तरीही बंद होते. त्यानंतर बाळाचे तोंड व नाक दोन्ही आपल्या तोंडाने झाकून, छाती उचललेली दिसेल एवढाच, गालांत मावेल इतका श्वास द्यायचा. छातीच्या मधल्या हाडाचा खालचा अर्धा भाग छातीच्या जाडीच्या एकतृतीयांश, म्हणजे सुमारे ४ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाबायचा. मदतीला एकच माणूस असेल तर ३० दाबांमागे २ श्वास आणि शिकलेली दोन माणसे असतील तर १५ दाबांमागे २ श्वास. रुग्णवाहिकेच्या १०८ क्रमांकाला फोन दुसऱ्याने करावा. एकट्यानेच सारे निभावायचे असेल तर मोबाइलचा स्पीकर चालू ठेवून हात कामाला लावावेत, आणि मोबाइल जवळ नसेल तर आधी दोन मिनिटे सीपीआर देऊन मगच मदतीसाठी जावे. यातले काहीही जिवंत, धडधाकट बाळावर करून पाहायचे नसते. त्यासाठी बाळाच्या मापाची बाहुली लागते.

अशा बाहुलीचा इतिहास मनोरंजक आहे. ओस्मुंड लेर्डाल या नॉर्वेतल्या खेळणी बनवणाऱ्या कारखानदाराने १९६० च्या सुमारास तोंडाने श्वास देण्याच्या सरावासाठी मऊ प्लॅस्टिकची माणसाएवढी बाहुली बनवली, आणि पुढे त्याच संस्थेने गरीब देशांतल्या सुइणी-परिचारिकांसाठी पाणी भरले की बाळाइतकी जड होणारी नवजाताची स्वस्त बाहुलीही काढली. घरच्या सरावाला तेवढेही लागत नाही. पाठीवर थापट्या मारण्याचा, बाळ हातावर पालथे-उताणे करण्याचा सराव चिंध्यांच्या बाहुलीवर उत्तम होतो. दाबांची खोली आणि श्वासाचे प्रमाण मात्र शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली, खऱ्या सराव-बाहुलीवरच हातात बसते. छापील लेखाची मजलही तिथेच संपते.

या भागातल्या घरांना सीपीआरपेक्षा जास्त वेळा जी कृती लागण्याचा संभव आहे, ती घशात अडकलेली वस्तू काढण्याची. सहाव्या-सातव्या महिन्यापासून बाळ जे हाती लागेल ते तोंडात घालते, आणि कृष्णा-वारणाकाठच्या घरांत जमिनीवर, पोत्यांच्या कडेला, सुपात काय काय सापडते याची यादी लांब होईल. भारतीय मुलांच्या श्वासनलिकेतून बाहेर काढाव्या लागणाऱ्या वस्तूंत शेंगदाणा हा सर्वांत नेहमीचा. त्याच्या जोडीला तासगावच्या बेदाण्याच्या शेडमधून घरी आलेला बेदाणा, चिंचोका, सीताफळाची बी, बोराची आठळी, सुपारीचे खांड, भिजवलेला हरभरा. दिवाळीचा फराळ या दृष्टीने पाहिला तर चिवड्यातले शेंगदाणे, डाळं आणि खोबऱ्याचे काप ही तिन्ही नेमकी बाळाच्या श्वासनलिकेत बसतील अशा मापाची असतात, आणि घर पाहुण्यांनी भरलेले असल्याने कोणाचे लक्ष बाळाकडे आहे याचा प्रत्येकाचा अंदाज दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

बाळ जोराने खोकत असेल, रडत असेल, तर त्याला खोकू द्यावे. खोकला हाच सर्वांत चांगला उपाय असतो. आवाज बंद झाला, खोकला क्षीण झाला, चेहरा निळसर पडू लागला, तर बाळाला आपल्या पुढच्या हातावर पालथे घ्यावे, जबडा बोटांनी आधार देऊन धरावा, डोके धडापेक्षा खाली ठेवावे आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या मुळाशी असलेल्या टणक भागाने पाच ठोके द्यावेत. वस्तू बाहेर आली नाही तर बाळ उताणे करून छातीच्या मधल्या हाडावर पाच दाब द्यावेत, आणि वस्तू निघेपर्यंत किंवा बाळ निपचित पडेपर्यंत हे आळीपाळीने करत राहावे. निपचित पडले तर लगेच सीपीआर सुरू करावा. मोठ्यांच्या पोटावर दाब देण्याची जी पद्धत हेन्री हाइमलिक या अमेरिकन शल्यविशारदाने १९७४ मध्ये मांडली, ती एका वर्षाच्या आतल्या बाळावर कधीच वापरायची नसते, कारण त्याचे यकृत बरगड्यांच्या आडोशाबाहेर असते आणि त्याला इजा होते. दिसत नसलेल्या वस्तूसाठी घशात बोट घालणे ही सर्वांत सर्रास होणारी चूक होय. आजीचे बोट आधी तिकडेच जाते, आणि वस्तू आणखी आत ढकलली जाते. बाळाला पायाला धरून उलटे टांगणेही टाळावे.

या कृतींचे तपशील अधूनमधून बदलतात, हेही शिकणाऱ्याला सांगितले पाहिजे. अर्भकाची छाती दोन बोटांनी दाबायची, असे अनेक वर्षे शिकवले जात होते. दोन बोटांनी पुरेशी खोली गाठली जात नाही असे दिसून आल्याने अमेरिकन हार्ट असोसिएशनने ऑक्टोबर २०२५ मध्ये ती पद्धत वगळली आणि एका हाताच्या तळव्याचा मागचा भाग किंवा छातीभोवती दोन्ही हात वेढून दोन अंगठे वापरण्यास सांगितले. बाळाच्या घशात काही अडकल्यास छातीवर द्यायचे दाबही आता तळव्याच्या मागच्या भागानेच द्यायचे आहेत. दहा वर्षांपूर्वी थोरल्या मुलाच्या वेळी शिकलेली आई आणि आज धाकट्याच्या वेळी शिकणारी मावशी यांच्यात त्यामुळे वाद होऊ शकतो, आणि दोघींनाही आपापल्या वेळी बरोबरच शिकवलेले असते.

शिकवणाऱ्यांची सर्वांत मोठी अडचण मात्र बोटांच्या ठेवणीची नसून आजीच्या अधिकाराची असते. ‘काय हुत न्हाय, आमची पाच अशीच वाढली’ हे वाक्य या दोन जिल्ह्यांतल्या कोणत्याही बाळंतघरात ऐकू येते, आणि त्यावर सुशिक्षित सून किंवा तरुण डॉक्टर जे नाक मुरडतात, त्याने काम बिघडते. माहेरच्या बाळंतपणाची रीत ही मुळात बाळाच्या संरक्षणाची एक पूर्ण व्यवस्था होती. सव्वा महिना बाळ-बाळंतिणीला बाहेरच्यांच्या संपर्कापासून दूर ठेवणे, खोली उबदार राखणे, बाळ सतत कोणाच्या तरी अंगाशी असणे, अनुभवी बाईने रोज बाळाचे सारे अंग हाताखालून घालणे, या गोष्टी आजच्या नवजात-शास्त्राला मान्य आहेत. बाळाला उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून धरण्याची ‘कांगारू’ पद्धत १९७८ मध्ये कोलंबियाच्या बोगोटा शहरात ऊब देणाऱ्या पेट्यांच्या टंचाईतून सुरू झाली आणि आज कमी वजनाच्या बाळांसाठी जगभर वापरली जाते. ती समजावताना आजीला फार पटवावे लागत नाही. रोज न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या हाताला बाळ आज ढिले लागते आहे, अंग गार आहे, हे घरात सर्वांच्या आधी कळते. तिचा हा हात प्रथमोपचाराच्या शिकवणीत जमेला धरायला हवा, आणि बहुतेक वर्गांत तो बाहेरच ठेवला जातो.

त्याच व्यवस्थेतल्या काही गोष्टी मात्र सोडायलाच हव्यात, आणि त्यांची कारणे आजीला नीट सांगितली तर तिला ती कळतात. जन्मल्यावर मधाचे बोट चाटवणे घातक ठरू शकते, कारण मधात ‘क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम’ या जिवाणूचे बीजाणू असू शकतात; बाळाच्या अपरिपक्व आतड्यात ते रुजून विष तयार करतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडतात, म्हणून वर्षाच्या आत मध देऊच नये. नाकात तेल सोडण्याने ते फुप्फुसात उतरून न्युमोनिया होऊ शकतो. सहाणेवर उगाळलेल्या बाळगुटीतून पाण्याचे जंतू पोटात जातात. धुरीच्या वेळी बाजेखाली ठेवलेली शेगडी बंद खोलीत विषारी वायू सोडते, शिवाय ठिणगीचे भय वेगळेच. ‘डबा’ झाला, म्हणजे बाळाचे पोट उडू लागले की पोटावर बिब्बा लावणे किंवा डाग देणे ही तर न्युमोनियावर भाजलेल्या जखमेची भर होय, कारण पोट उडणे हे बहुधा छातीच्या दुखण्याचे लक्षण असते. गळ्यातला काळा दोरा, ताईत आणि झोपवण्यासाठी बांधलेली साडीची झोळी यांनी फास बसू शकतो. मोहरीची उशी आणि मऊ दुलया बाळाच्या नाकातोंडावर येतात. बाळ कठीण गादीवर उताणेच झोपवावे. दृष्ट काढण्याने बाळाला काही होत नाही; ती काढत बसल्याने रुग्णालयात जायला उशीर होऊ नये, इतकेच.

भाजण्याच्या घटना बहुतेक अंघोळीच्या पाण्याशी जोडलेल्या असतात. बंबातले कढत पाणी आधी ओतून मग त्यात गार पाणी मिसळण्याची सवय मोडून आधी गार आणि मग कढत ओतावे, कोपराने पाहावे. भाजलेच तर अंगावरचा कपडा चिकटला नसेल तर काढून, भाजलेल्या जागी वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी सोडावे आणि बाकीचे अंग झाकून ठेवावे, कारण एवढेसे बाळ लवकर गारठते. हळद, शाई, शेण, टूथपेस्ट यांतले काहीही लावू नये. ताप आणि आकडी यांबाबत थोडेच लक्षात ठेवायचे आहे. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस ताप आला तर घरी औषध न देता रुग्णालय गाठावे. त्यापुढच्या वयात पॅरासिटामॉल देताना थेंबांची बाटली आणि सिरपची बाटली एकाच नावाची असली तरी त्यांची तीव्रता वेगळी असते, हे ध्यानात ठेवावे. आकडी आली तर बाळाला कुशीवर करावे, घड्याळ पाहावे, तोंडात चमचा किंवा बोट घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. पाच मिनिटांत थांबली नाही तर विलंब न लावता न्यावे. थांबली तरी पहिल्या आकडीनंतर दाखवून आणावेच.

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळच्या द्राक्षपट्ट्यात आणखी एक धोका आहे, ज्याची दखल शहरी पुस्तकांतून नसते. बागेच्या फवारणीची औषधे घरातच, पुष्कळदा शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवलेली असतात. फवारणी करून आलेल्या माणसाच्या कपड्यांवरही ती असतात, आणि रांगणारे बाळ त्याच पायांना बिलगते. सेंद्रिय फॉस्फरस गटातल्या कीटकनाशकांची बाधा झाली की लाळ, डोळ्यांतून पाणी, जुलाब, बाहुल्या बारीक होणे आणि धाप अशी लक्षणे दिसतात. मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा जुना उपाय इथे जिवावर बेतू शकतो. कपडे काढावेत, त्वचा साबण-पाण्याने धुवावी, आणि बाटली बरोबर घेऊन थेट रुग्णालयात जावे.

कुटुंबाला शिकवल्याने खरोखर काय साधते, याचे सर्वांत भक्कम उदाहरण महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत स्थापलेल्या ‘सर्च’ या संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजाताची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, जंतुदोष ओळखून इंजेक्शन देणे, थंड पडलेल्या बाळाला ऊब देणे हे सारे त्या घरोघर जाऊन करत, आणि आया व आज्यांना काळजी कशी घ्यायची तेही शिकवत. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले: ज्या ४७ गावांत असे काम नव्हते त्यांच्या तुलनेत तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले होते. त्याच दांपत्याने त्याआधी न्युमोनिया घरच्या घरी ओळखण्यासाठी मण्यांच्या ओळी आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ असलेले श्वास मोजण्याचे साधन बनवले होते, कारण फार शिक्षण नसलेल्या माणसालाही मणी सरकवता येतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, आणि त्यापुढे वर्षापर्यंत ५० किंवा अधिक असतील तर ते धोक्याचे असते. बंगालमध्येही १९७१ च्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी कॉलरा झालेल्यांना मीठ-साखरेचे पाणी पाजण्याचे काम नातेवाइकांच्याच हाती सोपवले होते, आणि त्यातून लोक वाचले.

गडचिरोलीच्या कामातूनच पुढे २०११ मध्ये देशभर आशा कार्यकर्तींच्या गृहभेटींचा कार्यक्रम आला. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई जाते, वजन करते, ताप पाहते, श्वास मोजते. २०१८ पासून तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्यापर्यंत दर तीन महिन्यांनी भेटींची भर पडली. महाराष्ट्रात २०२० च्या नमुना नोंदणीनुसार हजार जन्मांमागे अर्भकमृत्यू १६ आणि नवजात मृत्यू ११ होते, म्हणजे वर्षाच्या आत दगावणाऱ्यांतले दोनतृतीयांशांहून जास्त पहिल्याच २८ दिवसांत दगावतात, नेमक्या त्या दिवसांत जेव्हा पहिलटकरणीचे बाळ माहेरी असते. आता प्रसूती जवळजवळ सर्वत्र रुग्णालयात होतात. जन्मतःच गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे हे काम तिथल्या परिचारिकेचे झाले, आणि कुटुंबाच्या वाट्याला उरले ते घरी आल्यानंतरचे दिवस.

अंतराचा प्रश्न या दोन जिल्ह्यांत सारखा नाही. मिरजेला १८९४ मध्ये विल्यम वॉन्लेस यांनी मिशन रुग्णालय सुरू केले तेव्हापासून ते गाव दवाखान्यांचे गाव म्हणूनच ओळखले जाते, १९६२ पासून तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि मिरज-सांगली पट्ट्यातल्या घराला बालरोगतज्ज्ञ काही मिनिटांवर असतो. साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय आणि कराडची रुग्णालये महामार्गावर आहेत. पण कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडच्या कांदाटी खोऱ्यात, जिथे तापोळा-बामणोलीहून लाँचने जावे लागते, किंवा जत तालुक्याच्या पूर्वेकडच्या वाड्यांवर, २०१४ पासून राज्यात धावणारी १०८ ची गाडीसुद्धा हवी तेव्हा दारात उभी राहू शकत नाही. श्वास थांबलेल्या बाळाला चार-पाच मिनिटांच्या वर उसंत नसते, म्हणून मिरजेतल्या घरालाही तेवढ्यापुरते दुर्गमच समजावे लागते.

या सगळ्या मांडणीतून एक मोठा समूह सुटतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून बीड, धाराशिव आणि याच जिल्ह्यांतल्या जत-आटपाडीकडच्या ऊसतोड टोळ्या रेठरे, साखराळे, यशवंतनगर, भुईंजच्या कारखान्यांच्या पट्ट्यात कोप्या ठोकून राहतात. तिथे बाळ फडाच्या कडेला, साडीच्या झोळीत, चार-पाच वर्षांच्या बहिणीच्या राखणीत असते. आजी गावी राहिलेली असते, आणि गावच्या आशाताईच्या यादीतून ते बाळ निघालेले, इथल्या यादीत अजून आलेले नसते. अशा ठिकाणी ‘कुटुंब’ म्हणजे टोळी, आणि शिकवायचे तर मुकादमाच्या संमतीने कोप्यांवर संध्याकाळी जाऊन, त्या बहिणीसह सर्वांना. पाच वर्षांच्या मुलीला सीपीआर येणार नाही, पण बाळाच्या तोंडात काय घालू नये आणि कोणाला हाक मारायची, एवढे तिला निश्चित शिकवता येते.

बाकीच्या घरांसाठी नवे निमित्त शोधण्याची गरज नाही. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालये व आरोग्य केंद्रांत गर्भवतींची तपासणी होते, आणि त्यांच्याबरोबर आई किंवा सासू जवळजवळ नेहमी असते. रांगेत जाणाऱ्या त्या वेळात एक बाहुली आणि शिकवणारी एक परिचारिका पुरते. सासरी डोहाळजेवणाला जमलेल्या बायकांतही तासाभराची जागा निघते. शिकलेले कौशल्य तीन ते सहा महिन्यांत ओसरू लागते, असे या विषयावरच्या अभ्यासांत सातत्याने दिसले आहे, आणि सातव्या महिन्यात शिकलेल्या आजी-मावशीचे हात बाळ चार महिन्यांचे होईस्तोवर गंजू लागलेले असतात. तोवर लेक बाळ घेऊन सासरी येते. तिथली आशाताई वेगळी, तिची वही वेगळी; माता-बाल संरक्षण कार्ड तेवढे एका घरातून दुसऱ्या घरात जाते, आणि सासरच्या जावा-दिरांनी डोहाळजेवणानंतर बाहुली हातात घेतलेली नसते. सहाव्या महिन्यात उष्टावण होते, मामा खिरीचे बोट चाटवतो आणि दोन्ही घरे एका पंगतीत बसतात. बाळाच्या तोंडात घास जायला लागतो तो दिवस आणि घशात अडकलेले काढण्याचा सराव पुन्हा करण्याचा दिवस हा एकच धरला, तर माहेरची मावशी सासरच्या जाऊबाईला पालथे कसे धरायचे ते दाखवू शकते, आणि शेंगदाणे, बेदाणे, डाळं कुठल्या डब्यात, कुठल्या फळीवर ठेवायचे तेही त्याच दुपारी ठरते.